देवघरातला पाना

माझी भक्ती जरा भांडखोर आहे, हे आधीच सांगून टाकते. देवासमोर डोळे मिटून शांत बसणाऱ्या बायका पाहिल्या की मला त्यांचा हेवा वाटतो. माझं तसं नाही. मी दिवा लावते, उदबत्ती ओवाळते आणि मग दत्तगुरूंशी वाद घालायला बसते. गेली काही वर्षं वादाचा विषय एकच होता, माझा धाकटा भाऊ नंदू. तो मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये आहे. आमचे बाबा गेले तेव्हा त्याचं जहाज कुठल्यातरी दूरच्या समुद्रात होतं आणि त्याला येता आलं नाही. मी अबुधाबीहून धावतपळत चिपळूणला पोचले, सगळं केलं, आईला सावरलं. पण पुढे आमच्या दोघांच्या सुट्ट्या कधी जुळल्याच नाहीत. मी गावी गेले की तो बोटीवर, तो गावी आला की माझ्या ऑफिसात ऑडिट. म्हणजे ज्या दोघांना बाबांनी एकाच स्कूटरवर पुढेमागे बसवून वाढवलं, ते दोघं बाबांसाठी एकत्र रडलेच नव्हते. फोनवर रडता येत नाही हो. एक रडतो आणि दुसरा "आवाज येतोय का" विचारत बसतो.

भाऊ जवळ नसेल तर भाऊबीजेला चंद्राला ओवाळावं, अशी आपली रीत. अबुधाबीतल्या मोहम्मद बिन झायद सिटीतल्या आमच्या व्हिलाच्या गच्चीवरून मी दर दिवाळीला त्या कोरभर चंद्राला ओवाळत आले. ओवाळून ओवाळून शेवटी मला चंद्राचाच राग यायला लागला होता. एकदा तर तबक खाली आणून मी दत्ताच्या फोटोपुढे आदळलं आणि विचारलं, तुम्ही खरंच ऐकता की नुसते फोटोत उभे असता? उत्तर अर्थातच आलं नाही. मनात कुठेतरी शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

आणि यंदा, दिवाळीच्या तोंडावर, नंदूचा मेसेज आला. त्याचं जहाज इथल्याच, शारजापलीकडच्या हमरियाच्या बंदराला लागणार होतं, तेही नेमकं भाऊबीजेच्या दिवशी. एजंट त्याला काही तासांचा पास काढून देणार होता. दुपारी चारच्या आत परत जहाजावर, संध्याकाळी जहाज पुढे. मी ऑफिसच्या पॅन्ट्रीत उभी होते. तिथेच चहाचा कप ठेवून मी अशी काही नाचले की आमची फिलिपिनो रिसेप्शनिस्ट मला लॉटरी लागली असं समजून मिठी मारायला आली. मी म्हटलं, तसंच समज. त्या रात्री मी झोपेतसुद्धा करंज्या भरत होते म्हणे. असं आमचे हे सांगतात.

जायचं कसं, हा प्रश्नच नव्हता. मी मोटरसायकल चालवते. कारच्या टेस्टला मी पार्किंगमध्ये नापास झाले, पुन्हा नापास झाले, आणि रागारागाने मोटरसायकलचं लायसन्स काढून आले. दोन सिलिंडरची, जुनी पण देखणी गाडी घेतली. तिचं सगळं मी स्वतः करते. तेल बदलणं, चेन साफ करणं, प्लग काढून घासून बसवणं, हे सगळं बाबांनी त्यांच्या स्कूटरवर शिकवलं होतं. मुलगी म्हणून कधी हातातला पाना काढून घेतला नाही. नंदूने माझी गाडी फक्त फोटोत पाहिली होती. त्याने बजावून लिहिलं होतं, ताई, टॅक्सीने आलीस तर मी ओळख दाखवणार नाही.

बाबांची एक रीत होती. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला घरात जे जे चालतं-फिरतं, त्या सगळ्याला अभ्यंगस्नान. आम्ही पोरं, गाय, आणि स्कूटर. कोमट पाणी, तेलाचं बोट, चिमूटभर उटणं, मग कुंकू. त्यानंतरच स्कूटरला किक. इथे मीही गाडीला ते स्नान घालते. यंदा नरकचतुर्दशीला ऑफिस होतं, म्हणून राहून गेलं आणि भाऊबीजेच्या सकाळी मी ते उरकायला घेतलं. हे कारने प्लांटच्या शटडाउनच्या ड्यूटीवर निघून गेले होते. अंगणात मी बादली घेऊन बसले तेव्हा आमची लेक दारातून म्हणाली, "आई, सिरियसली? यू आर गिव्हिंग हर अ बाथ?" मी म्हटलं, मामाकडे जायचंय, पारोशी कशी नेऊ? उत्साहाच्या भरात मी उटणं मूठभर घेतलं, इंजिनालाही चोळलं आणि पाइपने धारेवर धार सोडून गाडी चकाचक केली. अति उत्साहाने माझा नेहमीच घात होतो, तसा तो तिथेच झाला होता. फक्त मला अजून कळायचं होतं.

मागच्या पेटीत फराळाचा डबा आणि तबकाचं सामान बांधून मी निघाले. ऑक्टोबर संपत आला होता, ऊन होतं पण त्याचे दात पडले होते. एमिरेट्स रोडला लागले आणि हेल्मेटच्या आत मोठ्याने गाणी म्हणू लागले. दुबई मागे पडली. शारजाच्या हद्दीत शिरल्यावर गाडीने पहिला आचका दिला, मग दुसरा. पेट्रोलमध्ये कचरा आला असेल म्हणून मी थोडं दामटलं, तर ती सरळ एका पायावर लंगडायला लागली. दोन सिलिंडरमधलं एक मेलं होतं. ट्रकच्या रांगेतून जीव मुठीत धरून मी पुढच्या एक्झिटला कशीबशी बाहेर पडले आणि वाळूच्या कडेला एका गाफच्या, म्हणजे आपल्या शमीच्या, झाडाखाली गाडी उभी केली. तिथे ती आपण होऊनच बंद पडली. पुन्हा सेल्फ मारला. नुसतं खोकली.

डाव्या प्लगची टोपी ओढून काढली आणि मला हसावं की रडावं कळेना. प्लग ज्या खोबणीत बसतो ती खोबण काठोकाठ भरली होती. पिवळसर, दाट, वाफाळतं पाणी. नागरमोथा आणि कापूरकाचरीचा तो वास, दिवाळीच्या पहाटेचा, तापलेल्या इंजिनातून वाळवंटभर दरवळत होता. माझंच उटणं. रस्त्याच्या धक्क्यांनी ते हळूहळू टोपीत शिरलं होतं आणि प्लगची ठिणगी आत पडायच्याऐवजी त्या पाण्यातूनच पळून जात होती. मला चूकही कळली आणि उपायही कळला. टिपून घ्यायचं, प्लग काढायचा, नवा बसवायचा. नवे प्लग मी कायम जवळ ठेवते. आनंदाने टूलकिटची पिशवी सोडली आणि आतली प्लगपान्याची जागा रिकामी होती.

पाना कुठे होता ते मला त्याच क्षणी आठवलं. दसऱ्याला हत्यारांची पूजा करतात, तशी मी माझ्या प्लगपान्याची केली होती. हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. पूजा झाल्यावर उचलायचा तो राहून गेला आणि तेव्हापासून तो आमच्या देवघरात दत्ताच्या फोटोला टेकून आरामात बसला होता. चणे आहेत तर दात नाहीत, अशी माझी गत. यांना फोन लावला, तो लागला नाही, कारण प्लांटच्या आत फोन बाहेर ठेवावे लागतात. टॅक्सीच्या अ‍ॅपवर चाक फिरत राहिलं, शेवटी जवळ गाडी नाही म्हणालं. बंद गाड्या उचलून नेणाऱ्याने फोनवर सांगितलं, मॅडम, दोन तास तरी, इन्शाल्ला. तेवढ्यात नंदूचाच फोन आला. तो गेटबाहेर येऊन एका कॅफेटेरियात बसला होता, दाढीबिढी करून. मी येतेच आहे म्हटलं आणि फोन ठेवल्यावर मात्र माझा धीर सुटला. एवढी वर्षं वाट पाहून अर्ध्या तासाच्या अंतरावर येऊन अडकायचं, तेही स्वतःच्या हाताने घातलेल्या पाण्यामुळे. मला वाटलं, देव नाहीच. किंवा आहे आणि त्याला माझी गंमत वाटते.

मग माझं नेहमीचं सुरू झालं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, म्हणून मी मोठ्यानेच बोलले. म्हटलं, "हे बघा, पाना तुमच्याजवळच आहे. मी तुमच्या पायाशी ठेवलाय. आता तुम्हीच घेऊन या, मला जमत नाही." एवढं बोलून मी वाळूत बसकण मारली. आयुष्यात पहिल्यांदा माझा वाद तिथे संपला होता. पुढचा मुद्दा माझ्याकडे नव्हता. रागही उरला नव्हता, नुसती रिकामी बसले होते.

किती वेळ गेला सांगता येणार नाही, फार नसावा. वाळूतल्या कच्च्या रस्त्याने एक जुनी पांढरी पिकअप आली. मागे ट्रेलर, ट्रेलरवर वाळूत चालवायची चार चाकांची बाइक. पिकअप माझ्यापाशी थांबली आणि मागच्या पिंजऱ्यातून एक लांबट, सडपातळ तोंड बाहेर आलं. मग दुसरं, मग तिसरं. शिकारी कुत्री, इथले लोक हौसेने पाळतात ती, सलुकी. गाडीतून एक वयस्क अरब गृहस्थ उतरले. अंगातला पायघोळ कंदुरा मळलेला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला, पायात चपला. आणि मी, खरं सांगते, उठून उभीसुद्धा राहिले नाही. कुत्र्यांकडे बघत बसले. आमच्या घरी लहानपणापासून एकच शिकवण, दत्त कुठल्याही वेषात येतो, ओळखायचा तर सोबतची कुत्री बघायची. चार असतात. माझ्या तोंडून नमस्काराच्या आधी हेच निघालं. मी हिंदीत विचारलं, "चौथा किधर है?"

ते गृहस्थ जागीच थबकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पिंजऱ्याकडे पाहिलं. "तुमको कैसे मालूम चौथा है?" ते म्हणाले. "उसने बच्चे दिये हैं. घर पे है."

अंगावर काटा आला एवढं खरं. बाकी काहीच मी सिद्ध करायला बसलेले नाही. माझ्या लेकीचं म्हणणं, इट्स जस्ट कोइन्सिडन्स, आई. असेल. मी तिच्याशी वाद घालत नाही, आणि मी वाद घालत नाही हेच आमच्या घरात नवल झालं आहे.

त्यांची हिंदी जुन्या वळणाची होती. लहानपणी वडिलांबरोबर खजुराची गलबतं घेऊन मुंबईला जायचे, तिथे शिकले म्हणाले. काय झालं, उख्ती, असं त्यांनी विचारलं. उख्ती म्हणजे बहीण. इथे कुणीही कुणाही बाईला म्हणतं, भाजीवालासुद्धा, पण त्या दिवशी तो शब्द कानात शिरला तो खाली उतरून छातीशी बसला. मी त्यांना सगळं सांगितलं, भाऊ, जहाज, चार वाजायच्या आतलं, आंघोळीचंसुद्धा. मोटरसायकलला आंघोळ, हे त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. मग ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. हसतच त्यांनी ट्रेलरखालची लोखंडी पेटी उघडली आणि त्यातून प्लगपाना काढून माझ्या हातात दिला. त्या वाळूतल्या बाइकसाठी ते जवळ ठेवत. माझ्या प्लगला तो असा बसला, जणू माझाच.

आणि आता खरी परीक्षा. इंजिन अजून तापलेलं होतं. तापल्या इंजिनातला प्लग पिळला तर आटे सोलून येतात आणि मग गाडी तिथेच खलास, हे बाबांनी मला हजारदा ऐकवलेलं. हातात पाना, डोळ्यांपुढे नंदू, आणि करायचं काय तर काही नाही, थांबायचं. माझे हात शिवशिवत होते. बाबांची एक मोजणी होती. इंजिनाच्या कडांवर तळहात टेकवायचा आणि दत्ताचं नाव घ्यायला लागायचं. हात न उचलता अकरा वेळा नाव घेता आलं की समजायचं, इंजिन निवलं. मी हात टेकवला. पहिल्याच नावाला चटका बसला. थोडं थांबून पुन्हा टेकवला, दुसऱ्या नावाला उचलला. लहानपणी ही मोजणी मला खेळ वाटायची. त्या दिवशी झाडाखाली मला पहिल्यांदा कळलं की बाबा इंजिन नव्हे, मला निववत होते. मी भराभर नाव घेऊन फसवायला बघायचे तेव्हा ते म्हणायचे, पोरी, घाई इंजिनाला कळत नाही. देवालाही कळत नसावी.

तोवर त्या गृहस्थांनी कुत्र्यांना पाणी पाजलं आणि टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप काढला. वाळूत शिरताना टायर नरम करतात, बाहेर पडताना पुन्हा भरतात, त्यासाठी तो सगळ्यांकडे असतो. मी कपड्याने उटण्याचं पाणी टिपलं आणि त्यांनी पंपाच्या नळीने खोबण फुंकून अशी कोरडी केली की कणभर उटणं आत राहिलं नाही. नाहीतर प्लग काढल्यावर तोच गाळ सिलिंडरमध्ये पडला असता. मग मी पुन्हा हात टेकवला. या वेळी सावकाश, एकेक नाव घेत. अकरावं नाव झालं तेव्हा हात तिथेच होता.

पाना लावला, एक झटका, आणि प्लग अलगद सुटला. काळा, ओला, पेट्रोलने न्हालेला. नवा प्लग बोटांनीच आत फिरवला, शेवटपर्यंत, पाना न लावता, आटे एकमेकांत नीट बसल्याची खात्री होईपर्यंत. मग पान्याने फक्त एकदा आवळला. दुसऱ्या बाजूचाही बदलून टाकला. टोप्या दाबल्या. सेल्फवर बोट ठेवलं. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली, दोन्ही पायांवर, गुळगुळीत. कुत्री भुंकायला लागली, मी ओरडायला लागले, आणि ते गृहस्थ टाळ्या वाजवत म्हणाले, यल्ला, यल्ला, चलो, भाई बैठा है. मी फराळाचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी करंजी खाल्ली, दोन चकल्या रुमालात बांधून घेतल्या आणि खजुराची पिशवी माझ्या पेटीत ठेवली, भावासाठी. पाना परत करायला गेले तर घेईनात. ठेव म्हणाले, रस्ता लांब आहे. मी वाकून नमस्कार केला आणि भरधाव निघाले. नाव विचारायचं राहिलं, हे मला पार हमरियाच्या गेटपाशी लक्षात आलं.

नंदू कॅफेटेरियाच्या दारात उभा होता. किती बारीक झाला होता, आणि कानापाशी पांढरे केस, माझ्या धाकट्या भावाला. मी हेल्मेट काढायच्या आधीच त्याची नजर माझ्या हातांवर गेली. बोटं काळी, नखं काळी. इंजिनवाला माणूस तो, त्याला सांगावं लागलं नाही. "ताई, प्लग?" एवढंच म्हणाला. मी मान हलवली. तो गाडीजवळ आला, वाकला आणि एकदम थांबला. गरम इंजिनातून उटण्याचा वास अजून येत होता. त्याने डोळे मिटून तो आत ओढला आणि म्हणाला, "बाबांची स्कूटर." मग माझा भाऊ, ज्याने बाबा गेल्यावर फोनवर फक्त हं हं केलं होतं, माझ्या खांद्यावर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. मीही रडले. हमरियाच्या गेटसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्या ट्रकच्या धुळीत, आम्ही दोघं बाबांसाठी एकत्र रडलो. एवढ्या वर्षांचं रडणं होतं, आणि त्यात दुःख कमी आणि सुटका जास्त होती.

कॅफेटेरियाच्या मल्याळी मालकाने आम्हाला आतला कोपरा आणि एक पाण्याचा रिकामा क्रेट दिला. क्रेटवर टॉवेल घालून नंदूला पूर्वेकडे तोंड करून बसवलं. साबणाने कितीही घासलं तरी बोटाची काळी रेघ जाईना, तेव्हा त्याच बोटाने कुंकू लावलं. ओवाळलं. आईला फोटो पाठवला, तिचा उलट फोन आला. चारच्या आत तो गेटच्या आत गेला, हातात खजुराची पिशवी आणि करंज्यांचा डबा घेऊन. वळून वळून हात करत होता. या वेळी मला निरोप जड गेला नाही. जे द्यायचं होतं ते देऊन झालं होतं.

परतताना सूर्य टेकला होता. मी वाट वाकडी करून त्या एक्झिटला पुन्हा बाहेर पडले आणि गाफच्या झाडाखाली गाडी लावली. कुणी नव्हतं. वाळूत टायरचे ठसे होते आणि कुत्र्यांच्या पावलांचे. मी बसले आणि दत्तगुरूंना काही सांगायला तोंड उघडलं, तर सांगायला काही नव्हतंच. इतकी वर्षं मी मागत होते ते आवाज चढवून, हाताला चटके बसत असताना. ज्या घडीला माझ्याकडून काही होत नाही असं म्हणून खाली बसले, त्या घडीला पाना आला. मी काही मोठी साधक नाही. उद्या पुन्हा भांडेनच. पण भांडून झाल्यावर थोडं थांबायला आता मला येईल, हात टेकवून, सावकाश नाव घेत. माझा पाना अजून देवघरातच आहे आणि टूलकिटमध्ये त्यांचा आहे.

पश्चिमेला बीजेची कोर दिसायला लागली होती, नखाएवढी, आता मावळेल अशी. पेटीतून तबक काढलं. वारा होता, म्हणून हेल्मेटच्या आडोशाला निरांजन लावलं. भाऊ जवळ नसेल तर चंद्राला ओवाळावं, अशी आपली रीत. माझ्या एका भावाला मी दुपारीच ओवाळलं होतं. दुसऱ्याचं नाव मला माहीत नव्हतं, म्हणून मी चंद्राला ओवाळलं.